शून्याचं टोक

शकू,

हे मी आधी इंग्रजीत लिहायला घेतलं होतं. दीड पान झालं आणि हात थांबला. इंग्रजीत तू 'माय सिस्टर-इन-लॉ' झालीस आणि ती बाई मला ओळखीची वाटेना. आयुष्यभर शाळेत इंग्रजी शिकवलं, पण त्या भाषेत तुला हाक मारायला शब्द सापडला नाही. पान फाडलं नाही, पाठकोरं म्हणून ठेवून दिलं. आता मराठीत लिहिते आहे.

ईरा आणि निहारला हे वाचता येणार नाही. टोरांटोत अमोलला सवड होईल तेव्हा तो आपल्या मुलांना वाचून दाखवेल. म्हणजे आपला तो वाद तू जिंकलीस. कुठला, ते पुढे येईलच. पण मला तुला एक गोष्ट सांगायची आहे. दवाखान्यात ती मी सांगितली नाही. खरं तर उलटंच सांगितलं. तिच्यापर्यंत यायला मला जरा लांबून यावं लागेल, कारण एकदम सांगितली तर तू म्हणशील, "वैनी, येवढंच व्हय?" आणि मला ते एवढंच वाटत नाही.

घर सध्या फार नीट आहे. कात्री खिळ्यावर असते. पूर्वी ती कधी कुंडीत सापडायची, कधी तुझ्या उशाखाली, आणि मी घरभर ओरडत फिरायची. आता सकाळी ठेवलेली कात्री संध्याकाळी तिथेच असते. वर्तमानपत्राच्या घड्या मोडत नाहीत. चहाच्या डब्याचं झाकण घट्ट लागलेलं असतं. बारा वर्षं मी तुझ्याकडे हेच मागत होते. आता मिळालं आहे आणि ते बघायला कोणी नाही. दुपारी मी कधीकधी कात्री मुद्दाम टेबलावर ठेवते आणि खोलीतून फिरून परत येते. ती टेबलावरच असते.

तुझे दादा गेल्यानंतर तू बीडची खोली सोडून माझ्याकडे धारूरला आलीस, तेव्हा लोक म्हणाले, नणंद-भावजय एका घरात, बघू किती दिवस. तू एका पिशवीत कपडे आणि दुसरीत शाईच्या दौती घेऊन आली होतीस. मी कपाटाचा एक कप्पा रिकामा करून त्यावर तुझ्या नावाची चिठ्ठी लावली. तू चिठ्ठी वाचून म्हणालीस, "हाजरी बी घेनार का?"

मुलांसाठी थोडं सांगते, तू ऐकून घे. तुमची आत्याआजी बीडच्या एका सरकारी कचेरीत अनुरेखक होती. दुसऱ्या कोणी पेन्सिलीने काढलेल्या नकाशावर पारदर्शक कागद अंथरायचा आणि तोच नकाशा शाईने उतरवायचा, हे तिचं काम. कालवे, बंधारे, पूल. रेघ चुकली तर अर्ध्या ब्लेडने शाई खरवडायची, नखाने कागद घोटून गुळगुळीत करायचा आणि पुन्हा रेघ ओढायची. नकाशाच्या खालच्या कोपऱ्यात चौकट असे. आरेखन कोणाचं, अनुरेखन कोणाचं, तपासलं कोणी. मधल्या रकान्यात तिचं नाव. मग कचेरीत एक यंत्र आलं, जे संगणकाचं ऐकून स्वतःच पेन धरून नकाशे काढायचं. त्याला प्लॉटर म्हणत. मधला रकाना रिकामा राहू लागला आणि तिला आवक-जावकच्या टेबलावर बसवलं. निवृत्त होईपर्यंत ती टपालावर शिक्के मारत होती.

आता त्या दिवशीचं. तू बीडला गेली होतीस पाण्याच्या टाकीला झाकण आणायला. भंगाराच्या आवारात स्वस्तात मिळतं म्हणालीस. संध्याकाळी टेम्पो दारात थांबला आणि त्यातून झाकण उतरलं नाही. उतरलं ते वर्तमानपत्राचं पान पसरून ठेवावं एवढं, धुळीने माखलेलं एक सपाट यंत्र. वर एक आडवी दांडी, दांडीवर काड्यापेटीएवढा डबा.

"हे काय?"

"प्लॉटर."

"आणि झाकण?"

"वैनी, आदी ह्याच्या पाठीवरचा नंबर बगा."

मी फडक्याने पुसलं. पांढऱ्या रंगात कचेरीच्या नोंदवहीचा नंबर होता. अक्षर तुझं होतं. यंत्र आलं त्या दिवशी साहेब म्हणाले होते, शकुंतलाबाईंचं अक्षर चांगलं आहे, नंबर त्यांच्याकडूनच घालून घ्या. तू बारीक कुंचल्याने तो घातला होतास. नऊचा आकडा इतका देखणा मी कुठे पाहिला नाही.

"ज्याने तुझं काम घेतलं, त्याला घरी आणलंस?" मला खरंच राग आला होता. तुझ्या वतीने.

"त्यानं घेतलं व्हय? त्याला इच्यारलं का कुनी? माझ्यावानीच हाय ते. आनलं, बशिवलं, काम करून घेतलं, आन् उचलून टाकलं."

"मग काय करणार त्याचं?"

"पुसनार तर आदी. मंग बगू."

हा वाद आपण पुढेही बऱ्याचदा घातला. मी म्हणायची, अन्याय झाला तो झाला, त्याला कुंकू कशाला लावायचं? तू म्हणायचीस, अन्याय मानसं करत्यात, मशीन न्हाई. मला त्यावर चांगलं उत्तर सुचायचं, पण नेहमी दुसऱ्या दिवशी. आता एक सुचलं आहे. सांगायला तू नाहीस, म्हणून ते खोडून टाकलं.

दुरुस्तीत दोन पावसाळे गेले. दांडीखालचं ग्रीस घट्ट होऊन काकवीसारखं झालं होतं. कानकोरण्याला कापूस गुंडाळून, स्पिरिटमध्ये बुडवून, तू ते बोटभर-बोटभर काढलंस. रेडिओ दुरुस्त करणाऱ्याने आतले दोन फुगलेले भाग बदलून दिले. पट्टा सैल पडला होता, आणि मूळ पेनं तर कधीच वाळून खडखडीत झालेली. तशी पेनं आता बाजारात येत नाहीत. मग तू ते यंत्र गोणपाटात गुंडाळलंस आणि आपण दोघी ते रिक्षात घालून करीमभाईंकडे गेलो. ते शिलाई मशीन दुरुस्त करतात. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून बराच वेळ पाहिलं.

"आपा, ये क्या लाए? इसमें सुई किधर है?"

"सुईच्या जागी पेन हाय."

"और टांका?"

"टाका कागदाला मारतंय. चाक हाय, पट्टा हाय, तुमचंच काम हाय. ह्या दांडीला साधं पेन बसंल असं कडं करून द्या."

करीमभाईंनी पितळेचं कडं करून दिलं. बाजारातलं शाईचं पेन त्यात बरोबर बसलं. पहिल्यांदा पेन इतक्या जोरात टेकलं की कागद फाटला. तू बॉलपेनमधली स्प्रिंग काढून कड्यात घातलीस आणि त्याला म्हणालीस, "हळू बे. कागद हाय, जिमीन न्हाई."

मग परीक्षा. कचेरीत यंत्र तपासायला गोल काढायला लावत, तू सांगितलंस. जिथून निघाला तिथेच येऊन मिळाला तर यंत्र बरं. पहिला गोल मिळाला नाही. दोन टोकांत ज्वारीच्या दाण्याएवढी फट राहिली. तू पट्टा ताणलास, फट बाजरीएवढी झाली. पुन्हा ताणलास, राजगिऱ्याएवढी. कितीतरी दिवस घरात अर्धवट गोलांचे कागद पडलेले असायचे आणि मी ते पाठकोरे म्हणून रचून ठेवायची. एके दिवशी मी कणीक मळत होते. आतून तुझा आवाज आला.

"वैनी! मिळाला!"

मी पिठाच्या हाताने धावत आले. आपण दोघी त्या एका गोलाकडे बघत उभ्या राहिलो. तू बोट लावून जोड शोधलास, तुला तो सापडला नाही. तेवढं खूश मी तुला कधी पाहिलं नव्हतं.

ईराने तिकडून त्याला संगणकाशी जोडायचं कसं ते शिकवलं, रविवारी व्हिडिओ कॉलवर. या यंत्राची भाषा इंग्रजी आहे हे कळल्यावर मी जरा ताठ बसले. म्हटलं, आता हिला माझी गरज लागणार. तर ती भाषा निघाली दोन शब्दांची. पी यू म्हणजे पेन वर, पी डी म्हणजे पेन खाली, आणि पुढे आकडे. कुठून कुठे. तू दहावी शिकलेली, शाळेतल्या इंग्रजीला घाबरलेली, आठ दिवसांत वही भरून लिहायला लागलीस.

"ही इंग्रजी मला पटती," तू म्हणालीस. "पेन वर, पेन खाली. समदं भागतंय. तुमच्यात एका 'जाने'ला बारा रूपं."

त्या यंत्राची एक गोष्ट मला पहिल्यापासून विलक्षण वाटायची. कागद धरायला त्याला चिमटा नाही. पाटातून वीज फिरते आणि केसांतून फिरवलेल्या कंगव्याला कपटे चिकटतात तसा कागद पाटाला चिकटतो. वीज आहे तोवर तो केसभर हलत नाही. वीज गेली की सुटतो. धारूरची लाईट तुला ठाऊक, म्हणून तू हट्टाने ते इन्व्हर्टरच्या लाईनवर घेतलंस. लाईट जायची, पंखा थांबायचा, तू घामाने भिजायचीस, पण पेन चालत राहायचं.

मग निहारचा प्रश्न आला. आठ वर्षांचा आहे तो. मी फोन हातात घेऊन त्याच्याशी बोलत चालले होते, तर म्हणाला, "आजी, तू चालतेस तेव्हा मला कळतच नाही तू कुठे आहेस. तुझं किचन कुठल्या साइडला आहे?" तो इथे आला तेव्हा दोन वर्षांचा होता. त्याला हे घर म्हणजे माझ्या मागे हलणाऱ्या भिंती.

तू मागून ओरडलीस, "थांब रे राजा, तुला घरच पाठवते."

दुसऱ्या दिवशी टेप निघाला. घर ते काय, तीन खोल्या, सैपाकघर, पुढे फरशीचं अंगण. पण तू बंधाऱ्याचं मोजमाप असल्यासारखी निघालीस. टेपचं एक टोक माझ्या हातात दिलंस, भिंतीला टेकवून उभं राहायला सांगितलंस, आणि दुसरं टोक घेऊन तू निघून गेलीस. खोलीच्या पलीकडे, दाराबाहेर, अंगणात. मी आपली भिंतीला अंगठा लावून उभी. पाच मिनिटांत कंटाळले.

"शकू, मला काहीतरी काम दे. नुसती उभी आहे मी."

"तेच काम हाय. तुमच्याकडं शून्य हाय. शून्य हाललं की म्होरचं समदं माप खोटं."

"किती आलं?"

"तेरा फूट साडेचार इंच."

"साडेतेरा लिही."

"घर हाय वैनी, तुमच्या पोरांचे मार्क न्हाईत वाढवून द्यायला."

तीन दिवस मी शून्याचं टोक धरून उभी होते. देवळीजवळ, नळाखाली, तुझ्या दादांच्या फोटोच्या खिळ्यापाशी. तू पलीकडून आकडे ओरडायचीस, मी ते वहीत लिहायची. कशाचंही माप घेतलंस तू. ईरा लहानपणी जिथे पडली त्या पायरीचंसुद्धा.

आणि मग तो वाद. यंत्राला इंग्रजी अक्षरं तयार येतात, मराठी येत नाहीत. मी म्हटलं, 'किचन', 'हॉल' असं इंग्रजीतच लिहू. मुलांना तेच वाचता येतं. साधी, सोयीची गोष्ट. तू मान हलवलीस. प्रत्येक मराठी अक्षर तू चौकटीच्या कागदावर रेघारेघांनी मांडायला बसलीस, पेन वर, पेन खाली. एका 'क्ष'ला एक दुपार गेली.

"अगं, पण त्यांना वाचता येणार नाही!"

"न्हाई आलं तर इच्यारतील."

"कुणाला?"

"तुमाला. इच्यारायला फोन करतील का न्हाई? समदं समजल्यावर कावून करतील?"

मी म्हटलं, हा अडाणीपणा आहे. असं म्हटलं मी. तू 'क्ष'कडे वळलीस. तो शब्द मी परत घेतला नाही, राहून गेला.

आता ते सांगते.

दारामागे माझी यादी आहे. गॅस, नळ, मेन, इन्व्हर्टर, कुलूप. बाहेर पडताना मी ती बोट लावून वाचते, तू हसायचीस. त्या दिवशी सकाळपासून यंत्र चालू होतं. बाहेरच्या भिंती झाल्या, अंगण झालं, सैपाकघर झालं, पुढची खोली झाली, तुझी खोली झाली. प्रत्येक ओळ पेनने काढली की तू वहीत तिच्यापुढे लाल पेन्सिलीने खूण करत होतीस. अकराच्या सुमाराला म्हणालीस, "जरा पडते. पेन वर करून थांबवलंय, बंद न्हाई केलं. हात लावू नका हां वैनी, कागद सुटंल." मी हो म्हटलं. अर्ध्या तासाने तुला घाम फुटला, डावा हात उचलेना. शेजारची जीप आली. त्यांच्या सुनेने तुला धरून बसवलं. आणि मी, शकू, मी दारामागे उभी राहून यादी वाचली. गॅस. नळ. मेन. इन्व्हर्टर. कुलूप. बोट लावून. सगळं बंद केलं आणि जीपमध्ये बसले.

केजच्या पुढे गेल्यावर माझ्या लक्षात आलं. तुझं डोकं माझ्या मांडीवर होतं.

लाईट गेली असती तरी त्या कागदाला कळलं नसतं, एवढी तजवीज तू करून ठेवली होतीस. माझ्या बोटाची तजवीज मात्र कोण करणार?

तिसऱ्या दिवशी तू जरा बोललीस. नळी काढली होती. मला जवळ बोलावलंस.

"मशीन?"

"चालू आहे."

"कागद?"

"जागेवर आहे. मी बघून आले." मी तर दवाखान्यातून हललेही नव्हते.

"मंग ठीक हाय." डोळे मिटलेस. "तुमची खोली ऱ्हायलीय. ती निगुतीनं काढायची."

चौथ्या दिवशी सकाळी तू गेलीस. मुलांना नापास करताना मी कधी खोटं बोलले नाही, आणि तुझ्याशी जे शेवटचं बोलणं झालं ते खोटं होतं. तू निवांत झालीस त्याने, हे मी स्वतःला सांगते. कधी पटतं, कधी नाही.

घरी आले आणि कुलूप काढून दार उघडलं. वारं माझ्याआधी आत गेलं. माझ्यासमोर कागद पाटावरून सरकला आणि फरशीवर येऊन पडला. तोवर तो जागेवरच होता बहुतेक. नुसता ठेवल्यासारखा. मी उचलला. अर्धवट घर होतं. तुझी खोली पूर्ण होती, आणि तुझ्या-माझ्या खोलीमधल्या भिंतीची एक रेघ होती, तुझ्या बाजूची. भिंत काढायला दोन रेघा लागतात. दुसरी माझ्या बाजूची, तिथे वहीतल्या लाल खुणा संपल्या होत्या.

तेरावं झालं, माणसं गेली. अमोल पंधरा दिवस होता, तोही गेला. जाताना म्हणाला, "आई, ते मशीन कुणाला तरी देऊन टाक. घर बंद कर आणि तिकडे ये. इथे तू एकटी काय करणार?" मी नाही म्हटलं नाही. हो पण म्हटलेलं नाही. म्हटलं, एक काम राहिलंय.

रविवारी ईराला विचारलं, थांबलं तिथून पुढे काढता येईल का?

"थांबलं कसं, आजी?"

"लाईट गेली होती."

ती एकोणीस वर्षांची हुशार मुलगी आहे. "पण आत्याआजीने इन्व्हर्टर लावला होता ना?"

मी फोन सैपाकघरात नेला, मग अंगणात नेला. भिंती हलत राहिल्या असतील तिला. शेवटी म्हटलं, "नाही गं. मी बंद केलं. माझ्या हाताने. आणि तिला सांगितलं, चालू आहे."

मला वाटलं, ती काहीतरी समजूत घालेल. ती म्हणाली, "ओके. मग आता चालू करूया." एवढंच. तुझ्यावर गेली आहे.

नवा कागद घालून सगळंच पहिल्यापासून काढता येईल, असं ती म्हणाली. सोपं आहे. पण मग तू जेवढं काढलंस ते पाठकोऱ्यात गेलं असतं. मी नको म्हटलं. तेव्हा तिने विचारलं, कागदाच्या कोपऱ्यांत काही खुणा आहेत का? मी चष्मा पुसून पाहिलं. चारही कोपऱ्यांत चार बारीक फुल्या होत्या. वही उघडली. पहिल्या पानावर, घराच्या आधी, पहिल्या चार ओळी त्याच फुल्यांच्या. त्यांच्यापुढे लाल खुणा.

मग आठवलं. कचेरीतलं तू एकदा सांगत होतीस, मी भाजी निवडत अर्धं ऐकत होते. नवीन कागद अंथरला की आधी चार फुल्या, मग बाकीचं. "कागद हालतोच, वैनी. हवेनं हालतो, कुनाचा हात लागून हालतो. हालनार न्हाई असं धरून काम करूच नाई. फुल्या असल्या म्हंजी परत बशिवता येतो."

त्या पानावर मी हात ठेवला. म्हणजे तुला माहीत होतं. माझं बोट तुला माहीत होतं असं नाही, पण कुणाचं तरी बोट लागतंच, हे तू घर काढायच्या आधी काढून ठेवलं होतंस.

कागद परत बसवणं हे दोघींचं काम आहे, शकू. पेन पहिल्या फुलीवर आणायचं, वरच्या वर. कागद सरकवून फुली त्याच्याखाली आणायची. मग दुसरी. ती जुळवताना पहिली सुटते. एकीने कोपरा धरायला हवा आणि दुसरीने बघायला. मी एकटी वाकून, एक हात इथे, एक हात तिथे. तीन रविवार गेले. मधल्या दिवसांत रोज दुपारी ईराने लिहून दिलेलं वाचून मी एकटीच सराव करायची. कंबर धरायची. तीन फुल्या जुळायच्या, चौथी केसभर बाहेर राहायची. शेवटी करीमभाईंना बोलावलं. ते तुला शेवटचं बघायला आले होते तसेच हात जोडून दारात उभे राहिले, मग आत येऊन त्यांनी चौथा कोपरा धरला. तरी केसभर राहिलीच.

"रहने दो, बाई," ते म्हणाले. "जोड है. जोड दिखता है."

ते गेल्यावर मी पाटाची वीज सुरू केली. कागद पाटाला चिकटला. ईरा तिकडे पहाटे उठून बसली होती. तिने तिकडूनच इथल्या संगणकाची कळ दाबली, आणि इतक्या दिवसांनी घरात तो आवाज झाला, दांडी सरकल्याचा, पेन टेकल्याचा टक. मी लाल पेन्सिल घेतली आणि तुझ्या खुणांच्या खाली माझ्या खुणा करायला लागले. माझ्या तिरक्या आहेत.

पहिली रेघ भिंतीची. माझ्या बाजूची. ती केसभर आत पडली. आपल्या दोघींमधली भिंत खरी आहे त्यापेक्षा थोडी बारीक निघाली आहे. तू असतीस तर अर्धं ब्लेड काढलं असतंस. मी तसंच ठेवलं.

मग माझी खोली. खाट, कपाट, खिडकी. खिडकीचं माप मी साडेतीन लिहिलं होतं, तू ते वहीत खोडून सव्वातीन आणि एक इंच केलं आहेस, कधी मोजलंस कोण जाणे. मग उजव्या खालच्या कोपऱ्यात चौकट आली. मला वाटलं होतं तिथे काहीतरी नेहमीचं असेल. वहीत मी पुढची पानं मुद्दाम वाचली नव्हती. पेन वर, पेन खाली, तुझी रेघारेघांची अक्षरं एकेक करून उमटायला लागली.

आरेखन : शकुंतला.

अनुरेखन : मशीन.

मधला रकाना तू त्याला दिलास. तिसऱ्या ओळीत मी 'तपासलं'ची वाट बघत होते. ते आलं नाही.

शून्याचं टोक : वैनी.

पेन वर गेलं, दांडी कडेला जाऊन थांबली. फोनमधून ईरा विचारत होती, "आजी, शेवटी काय लिहिलंय? मला वाचता येत नाहीये. आजी?" बघ, विचारलं. मी तिला वाचून दाखवलं. "वैनी कोण?" ती म्हणाली. मी म्हटलं, मी. मला या घरात त्या नावाने हाक मारणारं एकच माणूस होतं.

फोन ठेवल्यावर घर पुन्हा नीट झालं. मी मोठ्याने विचारलं, "शकू, बंद करू का?" उत्तराची वाट पाहिली, जेवढी पाहायची तेवढी. खिडकी लावली, दार लावून घेतलं. एक हात कागदावर पसरून ठेवला, बोटं उघडून, आणि दुसऱ्या हाताने बटन बंद केलं.

कागद सुटल्याचं तळहाताला कळलं. मी हलू दिला नाही.